भर दरबारात गेलेली नोकरी

डोमा टेंभुर्णेला हळू बोलता येत नाही. लाखनीला हायवेच्या कडेला टेकचंद निनावे शेठची राईस मिल आहे. तिथल्या मशीनवर त्याची अर्धी जिंदगी गेली. मशीन सुरू असताना बाजूच्या माणसाला ‘पाणी दे’ म्हणायचं तर लढाईला हाक दिल्यासारखं म्हणावं लागतं. ती सवय घरीही सुटली नाही. डोमानं जेवताना मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटीत मीठ घेऊन येते, असं त्याची बायको सुमनबाई सांगते.

या आवाजाचं सोनं झालं ते दंडारीत. दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. सासरी गेलेल्या पोरी, जावई, सोयरेधायरे सगळे त्या गावी गोळा होतात. पाळणे लागतात, शिंगाड्याचे ढीग लागतात आणि भर दुपारी मांडवात दंडार उभी राहते: ढोलकी, नाच, सोंगं आणि मधोमध राजाचा दरबार. सानगडीच्या मंडईत हा राजा म्हणजे डोमा. अंगानं काडीपैलवान, मुकुट कानावर टेकलेला, पण तोंड उघडलं की मांडवाचा कपडा हलतो.

एका गोष्टीचा त्याला फार गर्व. एकदा मुकुट चढला की काही झालं तरी सोंग सोडायचं नाही. एका वर्षी बैल सुटून मांडवात शिरला. लुगडं वर खोचून राणी पळाली, ढोलकीवाला पळाला. डोमा सिंहासनावरून हलला नाही. बैलाकडे बोट दाखवून म्हणाला, “प्रधानजी, शेजारच्या राज्याचा वकील आलेला दिसते. याले कडबा टाका.” ते वाक्य सानगडीत अजून चालतं.

टेकचंद शेठ माणूस वाईट नाही. बापजाद्यांचा कोशाच्या रेशमाचा हातमागाचा धंदा; माग बसले तसे शेठनं मिल टाकली. दुपारी मजुरांसोबत डबा खातो, मजुराच्या पोरीच्या लग्नात स्वतः वाढायला उभा राहतो. फक्त नवा धान सुरू झाला की त्याच्या डोक्यात मिलच फिरते. त्या दिवसांत मयत झाली तरी आधी सांगून व्हावी, असं त्याचं म्हणणं. आणि मंडई येते ती नेमकी त्याच दिवसांत.

त्या वर्षी डोमानं सुट्टी मागितली. शेठनं दिली नाही. मग तबियतीचं सांगायचं ठरलं. पण हा फोनवर ‘मले बरं नाही’ म्हणाला असता तर शेठला तोच धावून आल्यासारखं वाटलं असतं. म्हणून फोन सुमनबाईला करावा लागला.

“शेठजी, त्याइले जुलाब लागले. उठता येऊन नाही राह्यलं.” फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, “खोटं बोलाले मी, अन् मुकुट घालाले तुमी!”

मांडवासाठी वर्गणी दिली म्हणून मंडळानं टेकचंद शेठलाच उद्घाटक नेमला होता, हे डोमाला कोणी सांगितलं नव्हतं. शेठ नेहमीसारखा उशिरा आला. तोवर सरपंचानं नारळ फोडून टाकला होता. शेठला समोरच्या सोफ्यावर बसवलं, गळ्यात हार घातला. नवं जाकीट अंगात आणि न झालेलं भाषण पोटात घेऊन तो बसला, आणि समोर पडदा सरकला.

राजा चंद्रसेन सिंहासनावर बसून प्रजेची खुशाली विचारत होता. शेठनं चष्मा पुसला. पुन्हा घातला. मग हारासकट उठला आणि तरातरा स्टेजवर चढला.

“काय बे डोम्या! तुले जुलाब लागले होते ना?”

मांडव हसून फुटला. दंडारीत सोंगाड्या कधी कधी पब्लिकमधूनच उठतो, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही. डोमाला मात्र खरोखरच सिंहासन सोडून पळावंसं वाटलं. पण मुकुट डोक्यावर होता.

“प्रधानजी!” तो गरजला. “भर दरबारात विनापरवाना घुसलेला हा येडा कोण हाय?”

“येडा? मी येडा?” शेठचा हार हलायला लागला. “अबे, माही मिल चालते म्हणून तुही चूल पेटते! काढलं तुले! आजपासून कामावरून काढलं! उद्या गेटवर दिसशील तं याद राख!”

शिट्ट्या सुरू झाल्या. बायांनीही टाळ्या धरल्या.

“प्रधानजी, राजाले कामावरून काढणारा अजून पैदा व्हायचा हाय. याले आमच्या राज्याच्या शिवेबाहेर सोडून या. अन् जाता जाता चहा पाजा. परदेशी पाव्हणा दिसते.”

प्रधान म्हणजे सुखराम. एरवी त्याचं सायकल-पंक्चरचं दुकान आहे. त्यानं अदबीनं शेठचा दंड धरला आणि पायऱ्यांकडे नेला. मांडवभर ‘वन्स मोअर’ उठला. शेठ पायरीवर जरासा थांबला, पब्लिककडे वळून त्यानं एकदा नीट पाहिलं आणि मग उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा मिलच्या गेटवर हजर. आत कुंताबाई आणि बाकीच्या बाया अंगण झाडत होत्या. शेठ गेटमागे उभा.

“महाराज, तुमचं इथं काय काम? तुमी राज्य करा.”

“शेठजी, ते सोंग होतं गा...”

“म्या सोंग नवतं घेतलं,” शेठ म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं गेट लावलं. कुंताबाईचा खराटा क्षणभर थांबला. मग पुन्हा चालायला लागला.

डोमाला मशीनशिवाय करमेना. तो दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला जाऊ लागला. पण एवढ्या शांत जागी त्याचा आवाज ऐकून बगळे उडायचे आणि बाया हसायच्या. सगळ्या गावात त्याची ओळख ‘मशीनवाला डोमा’ अशी होती. आता लोक विचारत, “काय गा राजा, सध्या राज्य कोठी हाय?”

“मी जातो अन् शेठजीचे पाय धरतो,” तो एक दिवस म्हणाला.

“धरा,” सुमनबाई भाकर थापत म्हणाली. “आज सोंगापायी धरा, उद्या शिंकल्यापायी धरा. भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो लावला तो का फक्त हार घालाले? कायदा नाही का मजुराले?”

“मालकावर केस? ज्याचा भात खाल्ला त्याच्यावर?”

“त्याचा भात कायचा? भरडला तुमी, शिजवला म्या!”

सुमनबाईच्या माहेरची खुशबू शहारे भंडाऱ्याला वकिली करते. गावनात्यानं ती सुमनबाईला आत्या आणि डोमाला मामाजी म्हणते. तिनं सगळी हकिकत ऐकली, हसता हसता तिला ठसका लागला, पाणी प्यावं लागलं. मग तिनं खुर्ची पुढे ओढली.

“मामाजी, नोटीस नाही, चौकशी नाही, तोंडी काढलं. असं नाही काढता येत कोणाले. तुमाले कोर्टात जाता येते.”

“शेठजीले राग येईन ना पण.”

“येऊ द्या ना. केस लावाले मालकाची परवानगी थोडी लागते! साक्षीदार हाय का कोणी?”

“साक्षीदार?” सुमनबाई म्हणाली. “अख्खी मंडई हाय वो बाई!”

खुशबू सानगडीला जाऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. साक्ष द्यायला सगळं गाव तयार होतं. पण ज्याला विचारावं तो म्हणे, “शेठजीनं का काम केलं वो! कोणी बसवलं होतं ते?” शेठनं डोमाला खरंच काढलं, हे एकानंही पाहिलं नव्हतं. आणि गेटवरचं ज्यांनी पाहिलं होतं त्यांना मिलमध्ये काम करायचं होतं. कुंताबाई म्हणाली, “मी खाली पाहून झाडत होती बाई. माही मान वर झालीच नाही.” खुशबूनं तिला पुन्हा विचारलं नाही.

आधी प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपुढे समेटाला गेलं. तिथं शेठ हात पसरून म्हणाला, “म्या कुठं काढलं साहेब? मंडईत गंमत केली. हाच आला नाही.”

डोमाचा चेहरा उजळला. “मंग उद्या येऊ का शेठजी?”

“ये ना. फक्त सानगडीच्या स्टेजवर चढून सांग, टेकचंद शेठ येडा नाही म्हणून.”

अधिकाऱ्यांनी डोमाकडे पाहिलं. सुमनबाईनं त्याच्या पायावर पाय दिला. डोमानं बराच विचार केला.

“साहेब, माफी मी आत्ता मांगतो. इथंच मांगतो. पण त्या स्टेजवर मी नाही बोललो, राजा बोलला. राजा कसा माफी मांगन?”

समेट फिसकटला. डोमा टेंभुर्णे विरुद्ध टेकचंद निनावे अशी केस भंडाऱ्याच्या कामगार कोर्टात उभी राहिली.

शेठच्या वकिलांनी जबाब दाखल केला. त्यात दोन मुद्दे होते. एक: स्टेजवर शेठ बोलले ती निव्वळ गंमत होती, त्यानं कोणी कामावरून निघत नाही. दोन: त्याच स्टेजवर डोमानं मालकाला हजार लोकांसमोर येडा म्हणून गैरवर्तन केलं, त्यामुळे त्याला कामावर घेता येत नाही.

खुशबूनं तो कागद सुमनबाईला वाचून दाखवला. सुमनबाई म्हणाली, “म्हणजे एकाच मांडवात मालकाचं सोंग अन् मजुराचं खरं? वारे वा!”

“आत्या, हेच मी कोर्टात म्हणणार हाय. मामाजीनं फक्त एवढं सांगायचं, की शेठजी रागानं बोलले अन् मले समजलं की माही नोकरी गेली. बस.”

“बस,” डोमा म्हणाला. बाहेर झाडाखाली बसलेल्या पक्षकारांनी माना वळवल्या.

तारखेच्या दिवशी डोमा इस्त्रीचा सदरा घालून पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ त्यानं अशी घेतली की टायपिस्टनं कानात बोट घातलं. न्यायाधीश साहेब म्हणाले, “हळू बोला, इथं सगळ्यांना ऐकू येतं.” शेठचे वकील गोड माणूस होते.

“तुम्ही फार चांगले नट आहात म्हणे?”

डोमाची मान ताठ झाली. खुशबूनं कपाळाला हात लावला.

“लोक म्हणतात साहेब.”

“बैल शिरला तरी तुम्ही राजाच राहिलात, असं ऐकलं.”

“तो तं काहीच नाही. एकदा पाळण्याची वायर तुटून मांडवावर पडली...”

“बरं, बरं. म्हणजे मुकुट घातल्यावर डोमा राहतच नाही?”

“नाव नका घेऊ साहेब. डोमा पार घरी!”

“मग शेठजी जे बोलले ते कोणाला बोलले?”

आता डोमाला कळलं आपण कुठे उभे आहोत ते. त्यानं खुशबूकडे पाहिलं. ती डोळ्यांनी विनवत होती. त्यानं सुमनबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडात धरला होता. ‘मी घाबरलो, शेठ बोलले तेव्हा राजा पळाला आणि मी डोमाच उरलो’ एवढं म्हटलं की नोकरी हातात होती. पण मागच्या बाकावर सुखराम बसला होता, आणि तो सानगडीला परत जाणार होता.

“राजाले बोलले,” डोमा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू.

“डोमाला काही बोलले?”

“डोमा तिथं नवताच ना साहेब.”

वकील हसून खाली बसले. सुखरामची साक्षही फार उपयोगी पडली नाही. मालकाला ओळखूनही स्टेजवरून का उतरवलं, या प्रश्नावर तो म्हणाला, “म्या ओळखलं साहेब, पण प्रधान कसा ओळखन?”

कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर खुशबू फाईल चाळत बसली. बोलली ती सुमनबाई.

“राजा राहा मंग आता. मशीन गेली, मिल गेली. राज्यात काय शिजवू ते सांगा. मुकुट उकडू का?”

“सुमन, लोकाइसमोर मी घाबरलो म्हणू?”

“घाबरले तं होते ना?”

“घाबरलो होतो. पण दिसू नाही देल्लं!” डोमा ओरडला. टपरीवरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग कपाकडे पाहून तो म्हणाला, “मशीन गेली ना वो माही?”

 सुमनबाईनं आपला चहा त्याच्या कपात ओतला.

पुढच्या तारखेला शेठची पाळी. मधल्या काळात शेठच्या जीवनात एक फरक पडला होता. लाखनीच्या पानठेल्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात लोक त्याला अडवून म्हणत, “शेठजी, सानगडीले का एन्ट्री मारली तुमी!” सुरुवातीला तो चिडायचा. मग चिडेनासा झाला. कोणी काही म्हटलं नाही तर स्वतःच मंडईचा विषय काढू लागला. आज तो तेच जाकीट घालून आला होता. वकिलांनी त्याला दहादा बजावलं होतं: गंमत केली एवढंच म्हणा.

“गंमत केली,” शेठ पिंजऱ्यात चढताचढताच म्हणाला.

खुशबू उठली. आज तिचा आवाज मधासारखा होता.

“शेठजी, तुमी बोलल्यावर पब्लिकनं टाळ्या वाजवल्या, खरं हाय?”

“टाळ्या? शिट्ट्या पडल्या! वन्स मोअर झाला!”

“मंडळानं तुमाले आधी काही लिहून देल्लं होतं?”

“छट्!”

“तालीम?”

“तालीम कायची? आपोआप आलं.”

“नाही, मी म्हणलं, वन्स मोअर डोमा टेंभुर्णेच्या कामाले असन. नावाजलेला नट हाय तो. नवख्या माणसाले कोण वन्स मोअर देते?”

शेठच्या वकिलांनी मान झटकन वर केली. पण शेठ त्यांच्याकडे पाहतच नव्हता.

“त्याच्या कामाले? अहो, तो तं थिजला होता! तोंडातून शब्द निघत नवता त्याच्या!”

“थिजलो नवतो!” मागून डोमा गरजला. खिडकीतलं कबुतर उडालं. साहेबांनी डोमाला बाहेर काढायची ताकीद दिली.

“पण शेठजी, तुमी तं गंमतच करत होते ना? गंमतीले एवढ्या शिट्ट्या?”

“गंमतीले नाही पडत बाई शिट्ट्या! पोटातून यावं लागते! सोंग करणारे छप्पन्न पाहाले भेटतात. म्या खरं बोललो. मले खरंच राग आला होता, म्या खरंच काढलं त्याले, म्हणून तं पब्लिकले भिडलं!”

कोर्टात फक्त टाइपिंगचा आवाज उरला. तो थांबल्यावर शेठनं वकिलांकडे पाहिलं. वकील फाईल बांधत होते.

“साहेब,” शेठ हळूच म्हणाला, “ते शेवटचं खोडता येईन का?”

साहेबांनी खोडलं नाही. निकाल लागला तो असा: मालकानं खरंच काढलं हे मालकाच्याच तोंडून आलं आहे, नोटीस नाही, चौकशी नाही, म्हणून ते काढणं बेकायदेशीर. राजाच्या तोंडचं वाक्य हे मजुराचं गैरवर्तन धरता येत नाही. डोमाला त्याच कामावर परत घ्यावं. मात्र आजाराचं खोटं कारण देऊन सुट्टी घेतली त्याबद्दल त्याला सक्त समज देण्यात येते. ही समज ऐकताना डोमानं बोट सुमनबाईकडे दाखवलं.

रुजू व्हायच्या दिवशी डोमा पहाटेच उठून तयार. आपण गेटातून आत जाऊ, बाया काम सोडून उभ्या राहतील, कोणीतरी टाळी वाजवेल, शेठ मान खाली घालेल, हे सगळं त्यानं रस्त्यानं सायकलवर मनात बसवलं होतं. एक वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

गेट उघडंच होतं. शेठ हजेरीच्या टेबलाशी बसून कोणाशी तरी फोनवर तांदळाच्या गाडीबद्दल भांडत होता. त्यानं डोमाकडे पाहिलं, हातानं मशीनकडे दाखवलं आणि भांडण पुढे चालू ठेवलं. डोमा वाक्य तोंडात धरून उभाच राहिला.

तेवढ्यात कुंताबाई खराटा टेकवून समोर आली. तिच्यामागे बाकीच्या बाया. डोमानं छाती काढली.

“आले का डोमाभाऊ?” कुंताबाई म्हणाली. “बरं झालं. तुमच्या वकीलबाईचा नंबर सांगा बरं.”

“माही केस ऐकली का तुमी? शेठजीले तिनं असं धरलं...”

“ते राहू द्या. नंबर सांगा. अन् जरा जोरानं सांगा, मले कमी ऐकू येते.”

डोमाला जोरानं सांगायला कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. त्यानं नंबरचा एकेक आकडा असा फेकला की हायवेवरच्या ट्रकवाल्यानंही लिहून घ्यावा. शेठचं फोनवरचं भांडण अर्ध्यात तुटलं.

“कुंताबाई,” शेठ टेबलावरून म्हणाला, “वकिलाचा नंबर कायले पायजे तुले?”

“कायले नाही शेठजी. बायाइच्या संडासाले दार नाही ना, तं म्हणलं नंबर असू द्यावा.”

“दाराचं मले सांगाचं ना! वकिलाले कायले?”

“तुमाले सांगतलं ना शेठजी. मागच्या पोळ्याले सांगतलं. त्याच्या मागच्या पोळ्यालेबी सांगतलं.”

शेठनं पुन्हा फोन कानाला लावला. पण दुपारी डबे उघडायच्या आत सुतार आला, आणि त्यानं माप घेताना शेठ स्वतः फीत धरून उभा होता. कुंताबाईनं खुशबूला फोन केला नाही. तिचा मोबाईल तर बिघडूनच पडला होता.

डोमानं मशीन सुरू केली. धान वरून पडायला लागला, जमीन थरथरली, आणि त्या दणक्यात जुळवून ठेवलेलं वाक्य त्यानं एकदाचं म्हणून टाकलं. ऐकलं कोणीच नाही. त्याचे ओठ हलताना दिसले म्हणून शेठ लांबून हातवारे करून विचारत होता, काय म्हणतो? डोमानंही हातानंच सांगितलं, काही नाही शेठजी, धान ओला हाय.